वेगळी पळी

जबल अलीच्या आमच्या कामगार छावणीत वाळू दारापर्यंत येते आणि उंबऱ्याशी बसून राहते. रामेश्वरची मागणीही तशीच मेसच्या दारात बसून होती.

रामेश्वर परभणीकडचा, साइटवर लोखंड बांधणारा. गळ्यात वडिलांनी घातलेली तुळशीची माळ. त्याला हवं होतं एवढंच: डाळीला वेगळं पातेलं, वेगळी पळी. खोलीत शेगडी पेटवायला मनाई, म्हणून जेवण मेसवरच. एकदा त्याने मीना बझारातून स्वतःची पळी आणली. लगेचच ती माशांच्या कालवणात बुडालेली दिसली. त्या दिवशी तो नुसती चपाती आणि कांदा खाऊन उठला.

मेस आम्हीच चालवतो. वर्षातून एकदा, सुट्टीच्या सकाळी, हात वर करून कमिटी निवडतो. गट दोनच. राहिल हा कोकणवाल्यांचा पुढारी, वासुदेव घाटावरच्यांचा. ज्याला हात जास्त, त्याचीच सगळी कमिटी, त्याचाच आचारी. राहिल आला की मासे, वासुदेव आला की मटण. माळकरी मूठभर, त्यांचं तिथे कोणी नाही.

एका वर्षी रामेश्वर स्वतः उभा राहिला. त्याच्याच खोलीतला, त्याच्यासारखाच माळकरी किसन चाचरत म्हणाला, "दादा, तुला हात दिला तर वाया जातो. मग राहिल येतो. वासुदेव निदान अधूनमधून पिठलं तरी करतो." किसनने हात वासुदेवला दिला. रामेश्वरसाठी रामेश्वरचाच हात वर होता.

मग त्याने दुसरी मागणी धरली. ज्या गटाला जितके हात, त्याला कमिटीत तितक्या जागा. माळकऱ्यांना एक खुर्ची मिळाली की पळी आपोआप मिळेल. त्या वर्षी राहिल हरला होता. त्याने रामेश्वरला मिठीच मारली. "हबीबी, लाखमोलाचं बोललास! मी आलो की पहिलं काम हेच."

पुढच्या वर्षी राहिल आला.

"दादा, आत्ता कुठे बसतोय खुर्चीवर," तो म्हणाला. "पुढच्या वेळी, इन्शाल्ला."

आता वासुदेव खवळला. "हा नियमच चुकीचा आहे!"

"गेल्या वर्षी का नाही बोललास?" रामेश्वरने विचारलं.

"गेल्या वर्षी मी निवडून आलो होतो की!"

सगळे हसले. रामेश्वर हसला नाही. वासुदेवचा शब्द धरून त्याने भरल्या मेसमध्ये नियम बदलायचा विषय मांडला.

"कोण विरोधात?" राहिलने विचारलं आणि स्वतःचा हात वर केला. शेजारी वासुदेवचाही हात वर गेला. एरवी एका बाकावर न बसणारे ते दोघे. त्यांच्यामागोमाग सगळी मेस हातांनी भरून गेली. किसन मान खाली घालून चपाती कुस्करत राहिला.

"वासुदेव, तू पण?"

"अरे, पुढच्या वर्षी अख्खी मेस माझ्याकडे येणार," वासुदेव समजुतीने म्हणाला. "मग आज तुकडा कशाला मागू?"

"खलास," राहिल म्हणाला. "यल्ला, चला, जेवण वाढा."

रामेश्वर खोलीवर गेला. परत आला तेव्हा त्याचा गळा रिकामा होता. उन्हाने रापलेल्या मानेवर माळेपुरती गोरी रेघ तेवढी राहिली होती. तो राहिल आणि वासुदेव यांच्या मधोमध बसला आणि ताट पुढे केलं.

"वाढा," तो म्हणाला. "त्याच पळीने."