वाफेला भिणारे भावोजी

आमच्या भावोजींइतका वाफेला भिणारा माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात दुसरा झाला नसेल, आणि पोटासाठी त्यांनी धंदा धरला तोही वाफेचाच. बॉयलरवर वाफेचा दाब दाखवणारं घड्याळासारखं यंत्र असतं, ते बसवण्यात त्यांचा हातखंडा. पण त्या भीतीने त्यांनी घरादाराला जेरीस आणलं होतं. आक्का भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढायला गेली की हे पाटावरून ओरडायचे, "बाजूला उभी राहा गं, वर वाकू नको." स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर होताना हे सवयीने बाजूला सरकले आणि आक्काची माळ भटजींच्या गळ्यात पडता पडता राहिली. यंत्र बसवताना तर विचारूच नका. ते ओळंब्यात सरळ हवं, त्याच्याखाली वेटोळं घातलेली नळी हवी, नळीत आधी स्वच्छ पाणी भरलेलं हवं, म्हणजे कढत वाफ थेट यंत्रात शिरत नाही. मग तोटी उघडायची ती केसाकेसाने. "जावयाला आन् वाफेला एकदम घरात घेऊ नये रं," असं आमचे हे जावईच मला बजावत.

नेरळजवळ एका शेठजींनी वाफेवर चालणारी भातगिरणी घातली. मी तिथे कारकून होतो. माझ्या शब्दावर त्यांनी भावोजींना कायमचं ठेवून घेतलं, आणि आक्काला प्रथमच वाटलं की आता सुखाचे दिवस आले. सुगीत मुहूर्त धरला. पार पोशीरपासून भाताच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. पूजा आटोपली, भावोजी विहिरीवर हात धुवायला गेले, आणि उरलेलं पंचामृत राहिलं माझ्या हातात. ते पायदळी तर ओतता येईना. नळी रिकामीच होती. यंत्राच्या पोटात पहिलं हेच जावं, अशा भाविकपणाने मी ते नळीत ओतलं. भावोजी आल्यावर म्हणालो, "नळी भरली मी." जन्मात पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि वर यंत्र आवळलं.

जाळ पेटला, बॉयलर घुमू लागला, पण काटा जागचा हलेना. आत किती दाब चढलाय ते कळायला मार्ग नाही. भावोजींनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि आगवाल्याला भट्टीतला विस्तव बाहेर ओढायला लावला. मुहूर्त टळला, गाडीवाले कुरकुरू लागले. बॉयलर निवल्यावर त्यांनी नळी सोडवली. आत दह्यामधाचा आटून घट्ट गोळा झालेला. त्यांनी तो मुठीत लपवला आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात शेठजी आले.

"काय झालं?"

मी बोलायला हवं होतं.

"नळीत पाणी भरायला मीच इसरलो, शेठ," भावोजी म्हणाले.

"मग उद्यापास्नं येऊ नका."

भावोजींनी नळी धुतली, पाणी भरलं, यंत्र पुन्हा बसवलं, काटा चढताना पाहिला आणि निघाले. वाटेत मी रडू लागलो तेव्हा म्हणाले, "दोघांनी कशाला घरी बसायचं रं? तुझी पोरं ल्हान हायेत."

त्यानंतर त्यांना कुणी बॉयलरला हात लावू दिला नाही. जो जन्मात कधी काही विसरला नाही, त्याला लोक विसरभोळा मिस्त्री म्हणू लागले. भाऊबीजेला मी जेवायला बसलो की आक्का हमखास विचारायची, "त्या दिवशी यांचं ध्यान तरी कुठं व्हतं रं?" मी पानातला भात कालवत राहायचो. भावोजीच म्हणायचे, "त्याला ताक वाढ गं."

आता भावोजी नाहीत. आक्का अजून तेच विचारते, आणि मध्ये पडायला कुणी नसतं.