ताईंच्या डब्यातल्या गोळ्या

माझ्या थोरल्या जाऊबाई, कमलताई, गेल्या त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मला पाच मिनिटं आयसीयूच्या आत सोडलं होतं. नाकाला ऑक्सिजनची नळी, दोन्ही हातांना सुया, ओठ सुकून पांढरे पडलेले. मी म्हटलं, ताई, मी सुरेखा. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि सावकाश म्हणाल्या, "प्रज्ञाच्या साखरपुड्याचे लाडू उरलेत ना गं… शेजारी वाटून टाक. वाया नको घालू." एवढंच. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरोखरच ते लाडू पिशव्यांत भरत होते, तेवढ्यात थोरल्या दिरांचा फोन आला. म्हणाले, "सुरेखा, आता घाई करू नको. सावकाश ये." त्यावरून मला कळलं.

जावेवर कुणी लेख लिहीत नाही. आईवर लिहितात, गुरुजींवर लिहितात. जावांबद्दल फक्त एकमेकींच्या पाठीमागे बोलतात. आम्हीही बोलायचो. नाशिकरोडच्या कॉलनीत आमची दोन घरं एका भिंतीला लागून, आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आम्ही सव्वीस वर्षं काढली. पाण्याच्या मोटारीवरून एकदा तीन महिने अबोला धरला होता, तेव्हासुद्धा ताई भिंतीवरून भाजीची वाटी ठेवायच्या आणि तोंड फिरवून आत जायच्या. वाटी मात्र परत मागायच्या. त्यांचं माहेर नांदगावकडचं. लहानपणी टँकरची वाट बघत वाढलेल्या, त्यामुळे काहीही टाकून देणं त्यांना जमतच नसे. सायखेड्याच्या अलीकडच्या एका गावात त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. खडूचे बोटाच्या पेराएवढे तुकडेही त्या डबीत गोळा करायच्या आणि पोरांना पाटीवर काढायला द्यायच्या. मी चिडवायचे, "ताई, तुम्ही चिक्कू आहात." त्या म्हणायच्या, "चिक्कू नाय गं, मला टाकवत नाय." आणि खरंच टाकवत नसे. माणसंसुद्धा टाकवत नसत, याचा फायदा मी आयुष्यभर घेतला.

याच स्वभावातून तो डबा जन्माला आला. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा, झाकणावरची फुलं घासून गेलेली. त्यात उरलेल्या गोळ्या असायच्या. कुणाला खोकला झाला, दाढ काढली, कुणाच्या पायाचं गळू फुटलं, की डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देणार. तिसऱ्या दिवशी बरं वाटायचं आणि उरलेल्या ताईंच्या डब्यात यायच्या. आम्हा सगळ्यांचं एकच मत होतं, की बरं वाटल्यावर गोळ्या घेत राहिलं तर त्या गरम पडतात. ताई प्रत्येक पाकिटाला कागदाची चिठ्ठी रबराने बांधायच्या आणि त्यावर आपल्या मास्तरणीच्या अक्षरात लिहायच्या: 'सुरेखा, खोकला, तीन उरल्या.' 'शिंदेमावशी, दाढ, पाच उरल्या.' कॉलनीतल्या बायका संध्याकाळी यायच्या, "ताई, घशाला हाय का काही?" ताई चष्मा लावून चिठ्ठ्या वाचायच्या, शोधून द्यायच्या, आणि साध्या गोळीने भागत नसेल तर म्हणायच्या, "ही घे, ही पावरची हाय." आम्हाला वाटायचं केवढी सोय आहे. मी स्वतः तो डबा किती वेळा भरला याचा आता विचार करते… आणि विचार थांबवते.

दुसरी गोष्ट 'उन्हाळी'ची. हा शब्दच आमचा घात करून गेला असं मला वाटतं. लघवीला जळजळ झाली, थेंब थेंब होऊ लागली, की आमच्याकडे म्हणायचं, उन्हाळी लागली. म्हणजे उन्हामुळे झालं, अंगात उष्णता वाढली, धन्या-जिऱ्याचं पाणी प्या, सब्जा भिजवून खा. त्या शब्दात जंतू कुठे येतच नाही. मलाही अधूनमधून लागायची, ताईंना तर दरवर्षी, आणि फक्त उन्हाळ्यातच नाही. त्यांच्या शाळेत बाईमाणसासाठी जे स्वच्छतागृह होतं त्याला दार होतं, पाणी नव्हतं. मग ताई सकाळी घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत घोटभर पाणी पिऊन राहायच्या. बाटली भरून न्यायच्या आणि तशीच्या तशी परत आणायच्या. मी एकदा म्हटलं, "मग नेता कशाला?" तर म्हणाल्या, "पोरांना लागतं ना." उन्हाळी लागली की डब्यातल्या दोन-तीन गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की उरलेल्या परत डब्यात. वर्षानुवर्षं हेच. कधी तपासणी नाही, कधी पूर्ण औषध नाही. त्यात आम्हाला वावगं काही वाटलंच नाही.

यंदा माझ्या मुलीचा, प्रज्ञाचा, साखरपुडा ठरला. रविवारचा कार्यक्रम, कॉलनीतल्याच बुद्धविहाराच्या सभागृहात. ताईंच्या हातात सगळी सूत्रं, कारण माझ्याने ती सांभाळली जात नाहीत हे सगळ्या घराला माहीत. गुरुवारी संध्याकाळी त्या लाडू वळत बसल्या होत्या आणि मध्येच कंबरेला हात लावून थांबल्या. म्हणाल्या, "सुरेखा, यंदाची उन्हाळी लय हटवादी हाय गं. डब्यातल्या दोन प्रकारच्या घेऊन झाल्या, उतरत नाय. उद्या डॉक्टरकडं जाऊन येऊ का?" आणि मी म्हटलं, "ताई, एवढा रविवार होऊ द्या ना. सोमवारी मी स्वतः घेऊन जाते." उठले, पर्समधून माझ्याच गोळ्यांचं पाकीट काढलं. हिवाळ्यात मला तोच त्रास झाला तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं, सहा उरल्या होत्या. म्हटलं, "या घ्या, पावरच्या आहेत. सगळ्या घेऊन टाका." त्यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि पदराला बांधलं. मला तेव्हा हुश्श वाटलं. लाडवांची काळजी मिटली म्हणून.

रविवारी ताई पांढऱ्या साडीत, केसांत गजरा माळून दारात उभ्या होत्या. वंदनेला सगळे बसले तेव्हा मी पाहिलं, त्यांनी मांडी घातली नाही, खुर्ची घेतली. चेहरा लाल झाला होता. फोटोत त्या हसतायत. तो फोटो प्रज्ञाने मोठा करून आणलाय आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. सोमवारी पहाटेच थंडी वाजून ताप भरला, दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते, पाठीत कळ मारत होती. दवाखान्यात नेलं, भरती केलं. डॉक्टरांनी लघवी तपासणीला पाठवली आणि अंदाजाने एक इंजेक्शन सुरू केलं. म्हणाले, नेमकं कळायला दोन-तीन दिवस लागतील. ताप काही हटेना.

तिसऱ्या दिवशी तो रिपोर्ट आला. डावीकडे औषधांची नावं आणि उजवीकडे प्रत्येकासमोर एक इंग्रजी अक्षर. डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी सांगितलं, जिथे 'आर' हे अक्षर आहे त्या औषधाला जंतू दाद देत नाहीत. ताईंना तेव्हा उशीला टेकून बसता येत होतं. त्यांनी कागद हातात मागून घेतला, चष्मा मागितला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. म्हणाल्या, "डॉक्टर, हे प्रगतिपुस्तक कुणाचं? सगळीकडं नापासच दिसतंय."

"औषधांचं आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "औषधं नापास झालीत. दोनच उरलीत, त्यातलं एक आता लावतो."

ताई हसल्या. "माझ्या वर्गात एवढी पोरं कधी नापास नाय झाली."

मीही हसले. नवं इंजेक्शन लागलं, पण तोवर विष रक्तात उतरलं होतं. संध्याकाळी रक्तदाब घसरला, मग लघवी बंद झाली, मग त्यांना आत हलवलं. त्यानंतर बाहेरच्या बाकावर बसायचं आणि दार उघडलं की उभं राहायचं, एवढंच काम आम्हाला उरलं होतं. धडधाकट बाई, शाळेच्या बसमागे पळणारी, साध्या उन्हाळीने जाते यावर अजूनही लोक विश्वास ठेवत नाहीत. दारावर आलेल्या प्रत्येकाने मला विचारलं, "म्हणजे नक्की काय झालं होतं?" मी सांगायचे, आणि ते म्हणायचे, "नाही, पण दुसरं काहीतरी असणार."

जलदान विधी झाल्यावर मी एकटी त्या डॉक्टरांना भेटायला गेले. पर्समध्ये काही नव्हतं, रिपोर्ट नाही, कागद नाही, फक्त एक प्रश्न होता. मी सगळं सांगितलं: डबा, चिठ्ठ्या, गुरुवारची संध्याकाळ. विचारलं, "माझ्या गोळ्यांमुळे झालं का?" त्यांनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाले, "एका पाकिटावर बोट ठेवता येणार नाही. असे जंतू आता घरोघरी आहेत. ज्यांनी कधी अशी गोळी घेतली नाही त्यांच्यातही सापडतात. पण आपण सगळेच गरज नसताना, अर्धवट, दुसऱ्याच्या आजारावरच्या गोळ्या घेत राहतो. कच्चे जंतू मरतात आणि त्या गोळीला पुरून उरणारे तेवढे मागे राहतात." मी म्हटलं, "आणि ते तीन दिवस? गुरुवारी आणलं असतं तर?" ते म्हणाले, "लवकर आल्या असत्या तर बरं झालं असतं." त्यांनी ते फार हळू आवाजात सांगितलं, आणि खोटं बोलले नाहीत याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. थोरल्या दिरांना मी हे अजून सांगितलेलं नाही. ते हा लेख वाचतील तेव्हा त्यांना कळेल. भाऊजी, मला समोर बसून सांगता आलं नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या शिंदेमावशी नातवाला कडेवर घेऊन आल्या. सवयीने ताईंच्याच दारात गेल्या, मग ओशाळून माझ्याकडे वळल्या. "सुरेखा, पोराला सर्दी-ताप हाय. ताईंच्या डब्यात असंल ना काही?" मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, साधा ताप आहे, त्या पावरच्या गोळ्यांची काही गरज नाही. मावशींचा चेहरा पडला, औषध न देणारा डॉक्टर त्यांना पटला नाही. परत येताना रस्त्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे ताईंनी आम्हाला एवढं दिलं ते…" आणि त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मीही केलं नाही.

त्या दिवशी मी डबा खाली काढला. सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांकडे द्यायच्या होत्या. एकेक रबर सोडत होते, एकेक चिठ्ठी वाचत होते. अर्धी कॉलनी त्यात होती, आमची आजारपणं, पोरांचे कान, म्हाताऱ्यांचे गुडघे, सगळं सरळ शिरोरेघेत लिहिलेलं. तळाशी माझं पाकीट सापडलं, गुरुवारी दिलेलं ते. सहापैकी दोनच घेतल्या होत्या. चार तशाच होत्या. चिठ्ठीवर तारीख साखरपुड्याची होती, अक्षर थोडं हललेलं, बहुधा ताप चढू लागला असावा. पिशवी मी देऊन आले. हे एक पाकीट तेवढं दिलं नाही, डब्यात परत ठेवलं आणि झाकण लावलं. चिठ्ठी पाठ झाली आहे तरी रोज एकदा उघडून वाचते: 'कमल, उन्हाळी, चार उरल्या. सुरेखाला लागतील.'