साडूंचा मतदारसंघ

माझ्या साडूंनी उत्तर इंग्लंडातल्या एका मतदारसंघावर जेवढं प्रेम केलं, तेवढं तिथल्या एकाही खासदारानं केलं नसेल. आणि खासदारांना निदान अधूनमधून तिथं जावं तरी लागत असेल. साडू तिथं एकदाही गेलेले नाहीत. ते राहतात जर्मनीत, बॉनला, एका संशोधन संस्थेत मातीचे नमुने तपासतात. मी तिथून दोन तासांवर, एश्बॉर्नला, सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, दोन महिन्यांत भेट झाली नाही तर दोघींचाही जीव कासावीस होतो. त्यामुळे त्या दोघी आत भाकरी थापत माहेरचं बोलायच्या आणि बाहेरच्या खोलीत मी लोकरीच्या गिरण्यांच्या त्या गावाचा इतिहास ऐकायचो. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर आहे आणि हे मी कुठंही न लाजता सांगतो. पण कॉलेजात इतिहास मी पास होण्यापुरताच वाचला. आज मात्र माझ्या चुलत्यांची भांडणं मला जितकी पाठ नाहीत, तितकं त्या गावात कोणत्या गिरणीमालकानं मतदारांना किती दिवस फुकट बिअर पाजली होती हे पाठ आहे.

याला कारण जर्मन लोकांची एक चांगली सवय. घरातलं नको असलेलं सामान ते ठरलेल्या दिवशी रस्त्याच्या कडेला मांडून ठेवतात, त्याला स्पेरम्युल म्हणतात, आणि नवीन आलेल्या आपल्या माणसाचा निम्मा संसार त्यातूनच उभा राहतो. साडू पहिल्या हिवाळ्यात एक खुर्ची उचलायला गेले. खुर्चीवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्या इंग्लिश गावातल्याच कुणा शाळामास्तरनं लिहिलेला त्या एकाच मतदारसंघाच्या निवडणुकांचा इतिहास. साडूंना तेव्हा जर्मन येत नव्हतं, घरात इंटरनेट लागायला सहा आठवडे होते आणि बाहेर बर्फ. दुसरं वाचणार काय? त्यांनी ते पुस्तक तीनदा वाचलं. खुर्चीचा पाय पुढच्याच महिन्यात मोडला, पुस्तक मात्र आयुष्यभर पुरलं. ते जिथं संपत होतं तिथून पुढच्या निवडणुका साडूंनी स्वतः वहीत लिहायला घेतल्या, आणि पुढच्या काही वर्षांत इंग्लंडवाल्यांनीही त्यांना निराश केलं नाही. एक निवडणूक पचते न पचते तोच दुसरी. एकदा मतदारसंघाच्या सीमा बदलून दोन वस्त्या शेजारच्या मतदारसंघाला गेल्या, तेव्हा ते वडिलोपार्जित शेताची वाटणी झाल्यासारखे दोन दिवस नीट जेवले नव्हते.

याचा उपद्रव घरात सगळ्यांना. साधा चहा विचारायचा तर साडू मतदान घ्यायचे आणि उभं राहून निकाल जाहीर करायचे, "चहा, तीन. कॉफी, एक. बाद मत, एक." बाद मत माझ्या बायकोचं, कारण ती म्हणाली होती, "काहीही चालेल." त्यांची मुलगी हा प्रकार चालू झाला की कानात इअरफोन घालून "पापा, बिट्टे", म्हणजे प्लीज, एवढंच म्हणायची. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमाची समिती आमच्याकडे नेहमी बिनविरोध निवडली जाते. साडूंना बिनविरोध हा शब्दच सहन होत नाही. एका वर्षी त्यांनी बुटाच्या खोक्याला फट पाडली आणि गुप्त मतदान घेतलं. अध्यक्ष पुन्हा तेच निवडून आले, पण एक मत विरोधात गेलं. ते कुणाचं यावर महिनाभर फोनाफोनी चालली. शेवटी साडूच अध्यक्षांकडे गेले, "जय भीम. ते मत माझं होतं. तुम्ही काम चांगलं करता, पण समोर कुणीच नसलं तर तुम्ही जिंकलात हे तुम्हाला तरी कसं कळणार?" अध्यक्षांनी त्यांना जेवायला थांबवून घेतलं. साडूंवर कुणाला फार वेळ रागावताच येत नाही.

हे सगळं वेड मी वेड म्हणूनच घेत होतो. एकदा मात्र मी सरळ विचारलं, "साडूभाऊ, आपल्या गावच्या निवडणुका काय कमी रंगतदार असतात? हे परक्याचं कशाला?" ते उठले, पुस्तकातलं एक पान उघडलं आणि एका नावावर बोट ठेवलं. एक चांभार. पाच वेळा उभा राहिला, पाचही वेळा पडला. एकदा तर त्याला वीस मतंही नव्हती. "पण पाहुणे, नाव बघा. पूर्ण नाव, धंदा, मतं. आणि तिथं निकाल सांगणारा अधिकारी पडलेल्यालाही मंचावर उभा करतो आणि त्याचं नाव आकड्यासकट मोठ्यानं वाचतो. कधीकधी जिंकलेल्याच्या आधीसुद्धा." मग त्यांनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं. तालुक्याच्या गावी सायकल दुरुस्तीचं दुकान. नगरपालिकेला वॉर्डातून अपक्ष उभे राहिले, चिन्ह छत्री. साडू तेव्हा नऊ वर्षांचे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर आणला आणि वडिलांचं नाव शोधू लागले. पहिल्याचं नाव होतं, दुसऱ्याचं होतं, आणि खाली एका शब्दात बाकीचे सगळे: इतर. "वडील म्हणाले, चल, पंक्चर काढायचीय. पुन्हा कधी विषय नाही. मला निवडून यायचं नाही हो पाहुणे. आमच्या घरातलं एक नाव, एकदा, मतांसकट मोठ्यानं वाचलेलं ऐकायचंय. बस्स."

मग एका वर्षी बॉनमध्ये परदेशी रहिवाशांच्या प्रतिनिधी मंडळाची निवडणूक आली आणि साडूंनी एकट्यानं अर्ज भरला. तिथं अनामत रक्कम नसते हे कळल्यावर ते थोडे खट्टू झाले. "डिपॉझिटच नाही तर जप्त काय होणार?" ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, घर डोक्यावर घेतलं. "अहो, उद्या निवडून आलात तर संध्याकाळच्या मीटिंगांना कोण जाणार? तुम्हाला सर्दी होते!" माझी बायकोही विचारात पडली, "भाऊजी, खरंच जिंकलात तर?" साडूंचा चेहरा उतरला. त्यांनी पराभवाचं भाषण लिहून, संस्थेतल्या जर्मन बाईंकडून तपासून घेऊन, पाठही केलं होतं. विजयाचं भाषण त्यांच्याकडे नव्हतंच. प्रचारही तसाच. शनिवारच्या बाजारात ते पत्रकं वाटायचे आणि कुणी थांबलंच तर त्याला समोरची पोलिश उमेदवार किती कामसू आहे हे पटवून द्यायचे. मी स्वतः ऐकलंय. एक आजीबाई म्हणाल्या, "मग मी तिलाच देते." साडू म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर.

मतमोजणी मतदानाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी होती. मी आणि माझी बायको रजा टाकून गेलो. साडूंनी लग्नातला कोट घातला होता. हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं, पुढं एक लहानसा मंच, त्यावर माईक. मंच बघून साडूंनी माझा दंड दाबला. ताई एका बाजूला पर्स मांडीवर घेऊन, सगळ्या जगावर रुसल्यासारख्या बसल्या होत्या. अडीचच्या सुमारास पडद्यावर निकाल उमटला. रंगीत पट्ट्या. पोलिश बाई पहिली, मग दोन-तीन गटांची नावं, आणि सगळ्यात शेवटी एक राखाडी पट्टी: झोन्स्टिगं. जर्मन न येणाऱ्यासाठी सांगतो, याचा अर्थ इतर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कोट चढवायला सुरुवात केली. साडू हलले नाहीत. मग ते टेबलामागच्या अधिकारी बाईंकडे गेले आणि अदबीनं म्हणाले, सगळी नावं वाचाल का? बाई भल्या होत्या. म्हणाल्या, एकेकाचे आकडे आठवड्याभरात पालिकेच्या पत्रकात येतील, तिथं सगळं सविस्तर मिळेल. वाचून दाखवायची तशी तरतूद नाही. साडू "डांके" म्हणून वळले. तरतूद नाही म्हटल्यावर जर्मनीत पुढं बोलायचं नसतं, हे दहा वर्षांत आम्ही सगळेच शिकलोय.

ताई शिकल्या नव्हत्या. त्या उठल्या, पर्स खांद्याला अडकवली आणि टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं जर्मन म्हणजे भाजीबाजाराचं, क्रियापद कुठं टाकायचं याचं त्यांना कधीच बंधन नव्हतं. "मनाई आहे?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, मनाई अशी नाही. "आल्झो, मग झालं," ताई म्हणाल्या, "मनाई नाही. कागद आहे. माईक आहे. बिट्टे." आणि मराठीत, माझ्याकडे न बघता, "सहा महिने माझं डोकं खाल्लंय या माणसानं, ऐकल्याशिवाय घरी येणार नाही तो."

अधिकारी बाईंनी चष्मा लावला. कागद उचलला, मंचावर गेल्या, माईकवर बोट आपटून बघितलं. कोट चढवलेली माणसं थांबली. बाईंनी राखाडी पट्टीतली नावं एकेक करून वाचली. एका पोर्तुगीज आजोबांचं नाव आलं तसे ते टोपी काढून उभे राहिले. मग साडूंचं नाव आलं. आता, आपल्या पासपोर्टवर नावापुढं वडिलांचं नाव जोडूनच असतं. ते आपलंच दुसरं नाव आहे असं इथल्या सगळ्या कचेऱ्या धरून चालतात, आणि बँकेपासून विम्यापर्यंत सगळे आपल्याला वडिलांच्या नावानं हाक मारतात. आम्हाला त्याचा वैताग येतो. त्या दिवशी बाईंनी साडूंचं नाव वाचलं, मग सावकाश, एकेक अक्षर जपून, त्यांच्या वडिलांचं नाव वाचलं, मग आडनाव. आणि म्हणाल्या, अठ्ठेचाळीस.

पाठ केलेलं भाषण साडूंना आठवलंच नाही. ते जाऊन पोलिश बाईंचा हात हातात घेऊन उभे राहिले. ताई पर्समध्ये रुमाल शोधत होत्या आणि तो सापडत नाही म्हणून चिडत होत्या.

बाहेर ट्रामच्या थांब्यावर बसून साडूंनी गावी वडिलांना फोन लावला. म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर.

"किती पडली रं?"

"अठ्ठेचाळीस, दादा."

"मंजी पडलास."

"पडलो. पण नाव घेतलं बाईनं. माईकवर. तुमचंबी घेतलं."

"माझं कशापायी? म्या कुठं उभा हुतो?"

"हितं तसंच घेतात."

पलीकडं दुकानात पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "आडनावासकट?"

"आडनावासकट."

"मानसं हुती का?"

"होती की. वीस-पंचवीस."

म्हातारा दुकानातल्या कुणाला तरी थांब म्हणाला. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "मला किती पडली असतील रं तवा?"

साडूंनी आमच्याकडे बघितलं. माझी बायको बुटांकडे बघत होती. "अठ्ठेचाळीसपेक्षा जास्तच असतील, दादा," ते म्हणाले.

"असतील," म्हातारा म्हणाला. "वॉर्ड मोठा हुता."

ट्राम आली, दारं उघडली, थोडा वेळ उघडीच राहिली. आम्ही चौघांपैकी कुणीच उठलं नाही. दारं मिटली आणि ती गेली. पुढची यायला दहा मिनिटं होती, ऊन छान पडलं होतं, आणि साडू फोन हातात धरून पलीकडून येणारा सायकलच्या दुकानातला आवाज ऐकत बसले होते.