मालकाच्या दारी चार माणसं

ब्रिटनमधल्या नव्या सरकारचा पहिला अर्थसंकल्प आला त्या संध्याकाळी आमच्या गोंदियाच्या कार्यालयात देश-विदेशचं पान माझ्याकडे होतं. वृत्तसंस्थेची बातमी लांबलचक होती. नोकरी देणाऱ्यांनी प्रत्येक कामगारामागे भरायचा सामाजिक विम्याचा हप्ता सरकारने वाढवला होता, किमान वेतन वाढवलं होतं. हिवाळ्यात घर गरम ठेवायला म्हाताऱ्यांना मिळणारी मदत अनेकांची आधीच बंद झाली होती. मी त्या बातमीचा एक परिच्छेद केला आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात लावला. धान खरेदी केंद्रांवर धान भरायला बारदाना नव्हता, गाड्या रांगेत उभ्या होत्या, आणि आमच्या वाचकांची बातमी ती होती.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी तेव्हा उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान शहरात, वृद्धाश्रमात नोकरीला होती. म्हाताऱ्यांना उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं, रात्री कूस बदलून देणं हे तिचं काम. तिथे राहण्याचा तिचा परवाना त्याच एका नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली तर ठरलेल्या मुदतीत दुसरा मालक मिळवायचा, नाही मिळाला तर परत यायचं. हे मला ठाऊक होतं, भावालाही ठाऊक होतं. कोपऱ्यातल्या त्या परिच्छेदाचा याच्याशी संबंध आहे, हे मात्र दोघांनाही उन्हाळा लागेपर्यंत कळलं नाही.

भाऊ सौंदडला राहतो. धानाची शेती आहे आणि रस्त्यालगत खता-बियाण्यांचं दुकान आहे. मुलगी रविवारी दुपारी फोन करायची, तेव्हा तिकडे सकाळ असायची. भाऊ फोनचा आवाज मोठा करून तो काउंटरवर ठेवायचा. दुकानात बसलेले सगळे ऐकायचे. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नव्हतं, आणि मुलगीही त्यातल्या बहुतेकांना काका म्हणत मोठी झालेली होती. माझी सुट्टी रविवारी असली की मीही जात असे. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेची बातमी सौंदडला माझ्या पानावरून कमी आणि त्या काउंटरवरून जास्त पोचली.

तिथे एक गोरी स्वयंपाकीणबाई होती. तिची म्हातारी आई घरी एकटी राहायची, तिची इंधनाची मदत बंद झालेली. बाई रोज सकाळी अंडी तळता तळता सरकारचा उद्धार करायची आणि पुतणी तो आम्हाला सांगायची.

"म्हन्ते, आमीच निवडून आनलं यायले. चौदा वर्स जुन्यायले शिव्या देल्या, आता यायले देऊन राहिलो. शिव्या त्याच आहेत, मानसं बदलली."

दुकानात हशा पिकला. खताचं पोतं घ्यायला आलेला एक म्हातारा पुढे वाकून फोनला म्हणाला, "बाई, दीडशे वर्स आमच्यावर राज केलं ना त्यायनं? आता सोताच्या घरचं जमत नाई म्हन्ते?"

"नाई जमत, आबाजी."

"मंग आमच्या सरपंचाले धाडतो म्हना. हप्त्याभरात असं करून ठेवन का जुनं सरकार आठवन त्यायले."

सरपंच तिथेच बसला होता. तो म्हणाला, "तिकीट काढून द्या, जातो."

असे काही महिने गेले. नंतर तिच्या बोलण्यातून विनोद कमी होत गेला. हा बदल मी तेव्हा टिपला नव्हता, आता मागे पाहताना दिसतो. ती सांगायची की भाजी महागली, घरभाडं वाढलं, बसमध्ये लोक एकमेकांशी बोलतात ते फक्त वीजबिलावर. आश्रमातला एक जुना खाणकामगार टीव्हीवर मंत्री दिसले की तोंड भिंतीकडे करायचा आणि बातम्या संपेपर्यंत तसाच पडून राहायचा. मग एका रविवारी तिने सांगितलं की तिच्या कामाच्या पाळ्या कमी केल्यात. मालकाचं म्हणणं होतं, विम्याचा हप्ता वाढला, पगार वाढवावा लागला, आणि म्हाताऱ्यांच्या देखभालीपोटी नगरपालिका देते ती रक्कम तेवढीच राहिली.

पावसाळ्याच्या तोंडाशी तिने सांगितलं की आश्रम बंद होणार. मालकाचा दुसरा एक आश्रम शेजारच्या शहरात होता. काहींना तिकडे घेणार होते. कोणाला, ते ठरायचं होतं.

त्या रविवारी मी दुकानात होतो. फोन काउंटरवर होता, माणसंही होती. भावाने विचारलं, "मालक कुठं राह्यते?"

"इथंच, बाबूजी. गावाभाइर बंगला आहे. काऊन?"

"आपल्याकडचाच आहे म्हनत होती ना?"

"त्याचा आजा आला होता तिकडून. थो नाई."

"आजा गेला त गेला. तू चार मानसं घे अन् जा त्याच्या घरी."

हे इथे नीट सांगायला हवं. आमच्या भागात राइस मिलमधून किंवा दुकानातून कोणाला काढलं, तर तो माणूस एकटा जाऊन भांडत नाही. चार माणसं घेऊन मालकाच्या घरी जातो. मिलमध्ये जायचं नाही, घरीच जायचं. सकाळी जायचं, मालकाची अंघोळ-पूजा उरकल्यावर. चारांत एक तरी वडीलधारा असावा. ओसरीवर बसायचं, चहा येतो, पावसाचं, पोराबाळांचं बोलणं होतं, आणि उठताना वडीलधारा म्हणतो, "सेठजी, याचं पाहा जरा." सेठ म्हणतो, "देखते हैं।" काम नेहमी होतं असं नाही. पण दाराशी आलेल्या चार माणसांना चहा पाजल्यावर मालकाला सरळ नाही म्हणणं जड जातं, यावर सगळा भरवसा असतो. भाऊ त्या चारांतला नेहमीचा माणूस होता. आसपासच्या गावांतूनही लोक त्याला न्यायला यायचे.

मी म्हणालो, "दादा, तिकडे असं चालत नसेल."

"चालत नसन कायले? मानूसच आहे ना थो? का मानूस नाई?"

"तिथे ऑफिसात बोलतात. पत्र देतात."

"पत्र!" भाऊ म्हणाला. "पत्राले कोनं चहा पाजला आजवर?"

फोनवर ती म्हणाली, "घरी जाऊ नाई म्हन्तेत इथं, बाबूजी. न सांगता त बिलकुल नाई."

"तू मिठाईचा डबा घेऊन जा. लहान तोंडानं बोल. हात जोड. भांडाले थोडीच जाऊन राहिली तू?"

दुकानातल्या आणखी दोघांनी दुजोरा दिला. सरपंच म्हणाला, "बाई, दादा सांगते तसं कर. दारात गेल्याबिगर कोनाले कोनाची कीव येत नाई." ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. फोन ठेवताना एवढंच म्हणाली, "पाह्यतो."

ती गेली. तिने काय सांगितलं ते मी भावाकडून ऐकलं आणि पुढे तिच्याकडून पुन्हा ऐकलं. दोन्ही हकिगतींत फरक नाही.

चौघी होत्या. ती, केरळची एक, झिम्बाब्वेची एक, आणि ती स्वयंपाकीणबाई. स्वयंपाकीणबाई वयाने मोठी, म्हणून हिने तिला वडीलधारी ठरवलं. बाईला हा प्रकार नवा होता, पण सरकारवरचा राग कुठे तरी काढायचा होता आणि सरकार तिच्या हाताला लागत नव्हतं. रविवारची सकाळ होती. बेल वाजवल्यावर मालकाच्या बायकोने काचेतून पाहिलं आणि ती आत गेली. मालक आला. त्याने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. पुतणीने मिठाईचा डबा पुढे केला. तो फटीतून आत जाईना. ती डबा आडवा-उभा करून पाहत राहिली आणि मालक नको नको म्हणत राहिला.

तो उर्मट नव्हता, हे तिने मुद्दाम सांगितलं. त्याचाही चेहरा उतरलेला होता. तो म्हणाला की घरी या विषयावर बोलता येत नाही, कार्यालयात लेखी द्या. मग न राहवून बराच वेळ दारातच बोलत राहिला. हे सरकार धंदा करू देत नाही, आपणही यांनाच मत दिलं होतं, बँक फोन उचलत नाही, मी तरी कोणाच्या दारात जाऊ, असं. शेवटी म्हणाला, "तुम्ही इथे यायला नको होतं," आणि दार लावलं. चौघी बसथांब्यावर येऊन बसल्या. तिथे त्यांनी डबा उघडला आणि मिठाई खाल्ली.

त्या आठवड्यात चौघींना कार्यालयाचं पत्र मिळालं. मालकाच्या खासगी निवासस्थानी न कळवता जाणं अयोग्य आहे, पुन्हा असं होऊ नये, एवढंच त्यात होतं. पुढे दुसऱ्या आश्रमात कोणाला घेणार ते जाहीर झालं. स्वयंपाकीणबाईला घेतलं. बाकी तिघींना घेतलं नाही. मालकाच्या दारी न गेलेल्यांपैकीही काहींना घेतलं, काहींना नाही.

याच सुमारास तिथल्या सरकारने अशा कामासाठी परदेशातून नवी माणसं आणणं बंद केलं. ती बातमी मी नीट वाचली आणि त्या दिवशी दोन स्तंभांत लावली. आधीपासून तिथे असलेल्यांना मालक बदलायची मुभा होती. प्रत्यक्षात तिने जिथे जिथे अर्ज केला तिथून एक तर उत्तर आलं नाही, किंवा कायम राहण्याचा हक्क आहे का, अशी विचारणा आली. लोक महागाईवरून सरकारवर चिडलेले होते आणि सरकार बाहेरून आलेल्यांची संख्या कमी करून दाखवत होतं. बसमध्ये एक माणूस तिला पाहून मोठ्याने काही बोलला. काय बोलला ते तिने सांगितलं नाही.

भाऊ फोनचा आवाज मोठा करेनासा झाला. फोन आला की उठून दुकानामागे जायचा. एकदा तो गोंदियाला माझ्या कार्यालयात आला. एरवी तो कधी येत नाही. पानं लावायची वेळ होती, मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"तू पेपरवाला आहेस. सांग मले. माह्यामुळं झालं का हे?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही, दादा. मालकाच्या घरी गेली नसती तरी कदाचित हेच झालं असतं."

"कदाचित?"

"एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं म्हणता येत नाही."

"पेपरात त रोज लिवता, अमक्यामुळं तमकं."

तिच्या मालकाला विचारता आलं असतं, पण त्याने खरं सांगितलं असतं असं नाही. सरकारला विचारता येत नव्हतं. भाऊ गाडीची वेळ झाली म्हणून गेला. पुढे एका मिलच्या कामगाराचे लोक त्याला चार माणसांत न्यायला आले तेव्हा त्याने पाठदुखीचं कारण सांगितलं, हे मला वहिनीकडून कळलं.

मुदत संपत आली तेव्हा पुतणी परत आली. नागपूरहून गाडीने सौंदडला उतरली. आम्ही तिघं स्टेशनवर होतो, भाऊ, वहिनी आणि मी. धान कापणीला आलं होतं. वहिनीने तिचा चेहरा हातात धरला आणि म्हणाली, "वाळली वं." ती हसली आणि म्हणाली, "माय, चार किलो वाढली मी."

पहिले काही दिवस लोक येऊन गेले. त्यांनी विचारलं, ती सांगत गेली. तिकडची थंडी, तिकडचे म्हातारे, तिकडचं सरकार. सरकारचा विषय निघाला की माणसं माना डोलवायची आणि लवकरच बोलणं धानाच्या सरकारी बोनसवर यायचं. मालकाच्या दाराची गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. आमच्यापैकीही कोणी काढली नाही.

दिवाळीनंतर नागपूरच्या एका खासगी दवाखान्यातून तिला बोलावणं आलं. रात्रपाळी होती, काम तेच होतं, पगार तिकडच्या तुलनेत फार कमी होता. केरळच्या मैत्रिणीचाही निरोप होता. ती अजून तिथेच होती, अर्ज करत होती, आणखी एका आश्रमात जागा निघेल म्हणत होती. पण त्यासाठी पुन्हा परवाना, आणि इथून तो आता मिळत नव्हता. तरी सरकार बदलेल, नियम बदलतील, असं ती मैत्रीण लिहायची.

दुकान बंद करून भाऊ घरी आला होता. आम्ही अंगणात बसलो होतो. पुतणी भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "बाबूजी, नागपूरले जाऊ का मी? का थांबू?"

भाऊ तिच्याकडे पाहत होता. आमच्या घरात कोणी असं विचारलं की त्याचं उत्तर तयार असायचं, प्रश्न पुरता व्हायच्या आधीच.

"तूच पाह्य, बाई," तो म्हणाला.

तिने मान वर केली. थोडा वेळ ती त्याच्याकडे पाहत राहिली, त्याने पुढे काही बोलावं म्हणून. मग तिने निवडलेली भाजी उचलली आणि आत गेली.