बाबांनी पारखलेला लॅपटॉप

माझा लॅपटॉप सारखा बंद पडू लागला तेव्हा कळमनुरीच्या दुरुस्तीवाल्याने तो आमच्या समोरच उघडला. आत पंख्याच्या पात्यांवर, जाळीत, कोपऱ्याकोपऱ्यांत पिवळी पूड बसली होती. त्याने ती ब्रशने झाडली, नाकाशी नेली आणि म्हणाला, "ताई, मशीन हाय का मसाल्याचा डबा?"

बाबा माझ्या शेजारी स्टुलावर बसले होते. ते खाली बघायला लागले. दर उन्हाळ्यात आमच्या दारासमोर हळद पॉलिश करायचा ड्रम लागतो. आधी आमची हळद होते, मग चुलत्यांची, मग शेजाऱ्यांची. त्या दिवसांत चहावरची सायसुद्धा पिवळी येते. आणि मी ओसरीवर बसून काम करते, कारण घरात फोनला रेंज नाही. यात बाबांचा काय दोष? पण घरी येईपर्यंत ते मोटारसायकलवर मागे लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून बसले होते. एकदाच म्हणाले, "मुक्या जनावरासारखं सोसत आलं ते."

माझं काम ऐकून लिहिण्याचं आहे. पुण्यातली एक संस्था खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करते. ते आवाज माझ्याकडे येतात. मी हेडफोन लावून ते जसेच्या तसे टाईप करते आणि परत पाठवते. आई गेली आणि मी शहरातली खोली सोडून घरी आले, ती या कामाच्या भरवशावर. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. तो लॅपटॉपही मला कॉलेजातल्या मराठीच्या मॅडमनी दिलेला. त्यांनी स्वतःला नवा घेतला आणि जुना पिशवीत घालून माझ्या हातात ठेवला. "कामाला लाव," एवढंच म्हणाल्या. माझं एम.ए. त्याच्यावर झालं, पहिली कमाईही त्याच्यावरच झाली. त्यांचे उपकार मी कधी शब्दांत सांगू शकले नाही. निदान मशीन नीट वापरायचं, एवढं मी ठरवलं होतं, आणि त्यात हळद भरली.

दुरुस्तीवाल्याने साफ करून दिलं, पण आशा दिली नाही. आतला मदरबोर्ड तापून कमजोर झाला होता. शिवाय जुन्या विंडोजचे दिवस संपत आले होते आणि नवी आवृत्ती इतक्या जुन्या मशीनवर बसत नव्हती. म्हणजे मशीनही बदलायचं आणि बहुतेक सिस्टिमही.

त्यातच संस्थेचा फोन आला होता. ते मला पुण्याला कायमची नोकरी द्यायला तयार होते. नुसतं ऐकून लिहायचं नाही, तर स्वतः गावोगाव जाऊन माणसांशी बोलायचं, प्रश्न विचारायचे, आवाज घ्यायचे. घरून लिहायचं काम चालू ठेवायचं असेल तरी त्यांची हरकत नव्हती, पण महिनाअखेर काय ते सांगायचं होतं. मी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. ते "बघ" म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडून घेतला. पुढे विषय निघाला नाही.

मी मनाशी धरून चालले की मी जावं असं त्यांना वाटत नाही. घरात आम्ही दोघंच. काकू शेजारी आहेत, पण शेजार वेगळा आणि घर वेगळं. मग मीच तोडगा काढला. डेस्कटॉप घ्यायचा. पडदा मोठा, दुरुस्ती सोपी, किंमतही कमी. तो एकदा टेबलावर बसला की मीही घरी बसले, पुण्याचा प्रश्न आपोआप संपला. मी हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण माझ्यापुरता हिशेब सरळ होता. डेस्कटॉप म्हणजे राहणं आणि लॅपटॉप म्हणजे जाणं.

आता आमच्याकडे मोठी वस्तू कशी घेतात ते सांगितलं पाहिजे. बाबांना खरेदीची एकच रीत माहीत आहे, बैलाची. दात बघायचे, खूर बघायचे, खांद्यावर हात फिरवायचा, चालवून बघायचा, मग गाडीला जुंपून बघायचा. मालकाला विचारायचं, इतका चांगला बैल तुम्ही विकता काहून? अंगावरचा भोवरा शुभ की अशुभ ते बघणं, वार बघणं हे मात्र आमच्या घरातून आजोबांच्या काळातच गेलं. विहारात जाणाऱ्या माणसाने असलं मानायचं नाही, असं बाबा म्हणतात. पण जुंपून बघितल्याशिवाय ते काही घेत नाहीत. आईसाठी मिक्सर घेताना त्यांनी घरून भाजलेले शेंगदाणे नेले होते आणि दुकानात कूट करून बघितला होता. दुकानदाराने कपाळाला हात लावला. आई पदराआड हसत होती.

त्यामुळे त्या दिवशी आम्ही निघताना दुरुस्तीवाल्याने जेव्हा एक पेनड्राइव्ह पुढे केला आणि सांगितलं की यात लिनक्स नावाची फुकटची सिस्टिम आहे, मशीनमध्ये काही न भरता नुसता हा लावून वापरून बघा, पसंत पडली तर ठेवा, तेव्हा बाबांनी पहिल्यांदा मान वर केली.

"म्हंजी घ्यायच्या आदी जुंपून बघायची?"

"तसंच समजा, काका."

"हे बराबर हाय," बाबा म्हणाले.

मी ती सिस्टिम ओसरीवर चालवून बघितली. पहिला दिवस दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात स्वयंपाक करण्यासारखा गेला. सगळं होतं, पण मीठ कुठे आणि पळी कुठे ते सापडेना. मराठी कीबोर्ड लावायलाच दुपार झाली. पण एकदा लागला तो नीट चालला, जोडाक्षरं नीट उमटली. आवाज हळू करून ऐकायची सोय सापडली, ती आधीपेक्षा बरी निघाली. संस्थेला एक फाइल पाठवून विचारलं, त्यांना ती व्यवस्थित उघडता आली. बाबा शेतातून आले की पाय धुताधुता विचारायचे, "कसं वढतंय?" मी सांगायचे, चांगलं ओढतंय. सिस्टिम ठरली. पण दुपारच्या उन्हात मशीन तापायचं आणि लिहिता लिहिता पडदा काळा व्हायचा. ते काही आता टिकणार नव्हतं.

मग एका सकाळी बाबांनी बाजाराचा पांढरा सदरा घातला. आम्ही वारंगा फाट्यावर आलो आणि नांदेडची गाडी धरली.

दुकान मोठं होतं, आत गार हवा होती. मालक मधल्या वयाचा होता, निम्मं हिंदी निम्मं मराठी बोलणारा. मी डेस्कटॉप बघायचाय म्हटलं. त्याने दोन-तीन दाखवले. बाबांनी प्रत्येक डबा दोन्ही हातांनी उचलून बघितला. जो जास्त जड, त्याच्यावर बोटाने टकटक केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, हा हाडापेराचा आहे. मी म्हटलं, बाबा, यात वजनाला काही अर्थ नाही. ते म्हणाले, वजनाला कुठं अर्थ नसतो?

मग त्यांनी मालकाला तो प्रश्न विचारलाच. "इतका चांगला हाय म्हणता, तर तुमी काहून इकून राहिले?"

मालकाने माझ्याकडे बघितलं. "काका, दुकान है ना अपना. विकणारच."

"व्हय, ते बी खरं," बाबा म्हणाले, पण त्यांचं पूर्ण समाधान झालं नव्हतं.

मी पेनड्राइव्ह काढला आणि लावून बघू का विचारलं. सगळे आपल्याकडे विंडोजवालेच नेतात, असं मालक म्हणाला. तरी त्याने नाही म्हटलं नाही. सिस्टिम सुरू झाली. बाबांनी मागून सांगितलं की नुसतं उभं करून काय कळतंय, वजन टाकून बघ. म्हणून मी पेनड्राइव्हवर आणलेलं एक रेकॉर्डिंग लावलं आणि रोजच्यासारखं टाईप करायला घेतलं. हेडफोन नव्हता, त्यामुळे आवाज सगळ्या दुकानात गेला.

एक म्हातारी बोलत होती. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो, असं सांगत होती. लेकरू बाभळीच्या सावलीत निजवायचं. मुकादम आला की लेकरावर फडकं टाकायचं, म्हणजे लेकुरवाळी बाई म्हणून कामावरून काढणार नाही. लेकरू पण गुणाचं, म्हणाली, मुकादम जाईपर्यंत रडायचं नाही. मी लिहीत होते. तिचा एकेक शब्द पडद्यावर उमटत होता. मालकाने हातातलं बिल बाजूला ठेवलं होतं.

मी घरी इतकी वर्षं हेच काम करत होते, पण हेडफोन लावून. बाबांनी त्यातलं काही कधी ऐकलं नव्हतं.

"ही कुठली?" त्यांनी विचारलं.

"बीडकडची असेल."

"हयात हाय का?"

"माहीत नाही, बाबा. माझ्याकडं नुसता आवाज येतो."

ते पडद्याकडे बघत राहिले. वाचता येतं त्यांना, सावकाश. ओळ संपेपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. मग म्हणाले, "तुझी माय बी व्हती खडीवर. लगनाच्या आदी. तिला कुणी इचारलं न्हाई."

मला हे माहीत नव्हतं. मीही आईला कधी विचारलं नव्हतं. मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"पुण्याला गेलीस तर तू इचारशील का अशा बायांना?"

"तेच काम आहे."

बाबांनी मालकाला हाताने खूण केली. "ह्ये बाजूला ठिवा. उचलून न्यायचं दाखवा."

मी विरोध केला. डेस्कटॉप स्वस्त पडतो, डोळ्यांना बरा, बिघडला तर कळमनुरीला दुरुस्त होतो, सगळं एका दमात सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. मालकही ऐकत होता, आणि त्याला डेस्कटॉप विकायचा की लॅपटॉप ते कळत नव्हतं.

"अन् तुमचं?" मी शेवटी हळूच विचारलं.

"माझं काय? मला काय टेबलावर ठिवायचंय?"

मालक हसला. मलाही हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी पेनड्राइव्ह काढण्याच्या निमित्ताने वाकले.

सकाळपासून जड ते चांगलं म्हणणारे बाबा आता हलका शोधू लागले. प्रत्येक लॅपटॉप तळहातावर तोलून बघायचे, बगलेत धरून दुकानात चार पावलं चालायचे, पुन्हा खाली ठेवायचे. एक त्यांना पसंत पडला. मी त्याला पेनड्राइव्ह लावला, कीबोर्ड तपासला, आवाज तपासला. त्या म्हातारीचं राहिलेलं बोलणं थोडं त्याच्यावरही ऐकलं. तो नव्या विंडोजचा होता, पण लिनक्स भरून द्यायला मालक तयार झाला. आता दोन गिऱ्हाइकांना मीही हे लावून दाखवीन, म्हणाला.

जुना लॅपटॉप मालकाने बदल्यात घ्यायचं ठरलं. मी आदल्या दिवशी मॅडमना फोन करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तो अजून जिवंत आहे याचंच मला नवल वाटतं, खुशाल दे. मी पिशवीतून तो काढून ठेवला. मालकाने उघडून बघितला, चार्जर मागितला. चार्जर बाबांच्या हातात होता. त्यांनी त्याची वायर बैलाच्या दाव्यासारखी गुंडाळून घेतली होती.

"दावं देत न्हाईत आमच्याकडं," बाबा म्हणाले.

मालकाला काही कळेना. मग मला सांगावं लागलं. आमच्या भागात बैल विकला तरी त्याचं दावं विकत नाहीत. विकणारा ते सोडून घरी आणतो, घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. जुनी रीत आहे. मालक म्हणाला, रीत बरोबर आहे, पण काका, चार्जर के बगैर मैं इसका क्या करूं? मी बाबांना हळूच सांगितलं की हा चार्जर नव्याला बसणार नाही, आपल्या काही उपयोगाचा नाही. ते म्हणाले, ठावं हाय मला. मालकाने बदल्यातली रक्कम थोडी कमी केली, बाबांनी मान हलवली, आणि चार्जर सदऱ्याच्या खिशात गेला. खिसा फुगून एका बाजूला ओढला गेला.

गाडीत त्यांनी नव्या लॅपटॉपचं खोकं मांडीवर घेतलं. कंडक्टरने वर ठेवा म्हटलं तरी ठेवलं नाही. मी विचारलं, भोवरा मानत नाही, वार मानत नाही, मग दावंच काहून?

ते खिडकीबाहेर बघत होते. केळीच्या बागा मागे जात होत्या. "दावं घरी असलं," ते म्हणाले, "म्हंजी गेलेल्याची जागा दुसऱ्याला जात न्हाई."

मी अजून काही ठरवलं नव्हतं. लॅपटॉप घेतला तरी तो घरी बसूनही वापरता येतो, असं मी स्वतःला सांगत होते. शेतातलं काम, बाबांचं जेवण, त्यांचा दुखरा गुडघा, सगळं एकेक करून आठवत होते.

वारंगा फाट्यावर उतरलो तर चहाच्या टपरीवर आमच्या गावचे एक गृहस्थ बसले होते. नात्याने मामा लागतात. खोकं बघून त्यांनी विचारलं, काय आणलं? बाबा म्हणाले, पोरीला लॅपटॉप.

"बरं झालं. घरीच बसून काम करती न्हाई का ती?"

"न्हाई," बाबा म्हणाले. "पुण्याला चालली. नोकरीला."

मामांनी माझ्याकडे बघितलं. टपरीवाल्यानेही बघितलं. फाट्यावर सांगितलेलं घरी पोचायच्या आधी गावात पोचतं. काकू दारातच विचारणार, विहारात बाया विचारणार, कधी निघालीस म्हणून. बाबांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी चहा सांगितला, माझ्यासाठी कमी साखरेचा, आणि खोकं बाकड्यावर आपल्या आणि माझ्यामध्ये ठेवलं.

मी टपरीच्या कडेला जाऊन संस्थेला फोन लावला.