आयोनीच्या अंगणातला बॉबोलिंक क्लब

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या उत्तरेकडच्या त्या गावात जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी ट्रेलरच्या कारखान्यात कामाला होतं. मोटारीमागे जोडून ओढत न्यायची ती चाकांवरची घरं तिथे तयार होत आणि देशभर जात. आयोनी हॉस्टेटलर ‘बॉबोलिंक’ या पाखराचं नाव दिलेल्या ट्रेलरचे पडदे शिवायची. लग्नाआधीपासून शिवत होती, केस पिकले तरी शिवतच होती. पिवळ्या कापडावर तपकिरी पाखरं असलेले तिचे पडदे मेक्सिकोच्या सीमेपासून मेन राज्याच्या किनाऱ्यापर्यंत हिंडून आले. आयोनी मात्र कुठेच गेली नव्हती.

याला कारण तिचा नवरा व्हर्जिल. व्हर्जिल कोंबड्या पाळायचा आणि कोंबड्यांना रविवार नसतो, असं त्याचं म्हणणं. लग्न झाल्यावर दोघं मिशिगन सरोवरावर गेली होती, तर हा गडी दुपारपासूनच चुळबुळ करायला लागला आणि अंधार पडायच्या आत घरी हजर!

“पाणी बघायचं होतं ना तुला? बघितलंस,” तो म्हणाला होता.

त्या एका वाक्यावरून आयोनीने त्याला जन्मभर टोमणे मारले. तिची जीभ तिच्या कात्रीहून धारदार होती. पण व्हर्जिलला त्याचं काही वाटत नसे. तिचं बोलणं ऐकत ऐकत तो अंडी पुसायचा आणि मध्येच खुदकन हसायचा.

पुढे बॉबोलिंकचा कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवसांत एक अर्धवट ट्रेलर उचलताना खाली आपटला आणि त्याच्या कुशीला मोठा पोचा आला. तो भंगारात निघाला होता. व्हर्जिलने ट्रॅक्टर नेऊन तो घरी ओढून आणला, मेपलच्या झाडाखाली लावला, आत पेंढा पसरला आणि कोंबड्या सोडल्या.

“एवढं आयुष्य लोकांच्या ट्रेलरचे पडदे शिवण्यात गेलं,” आयोनी कपाळाला हात लावून म्हणाली, “आणि अखेर एक ट्रेलर दारात आला, तर त्यात राहणार कोण? कोंबड्या!”

“त्या पडदे मागत नाहीत,” व्हर्जिल म्हणाला.

कारखाना गेला तरी ट्रेलर होतेच ना लोकांकडे. एका उन्हाळ्यात दुपारी एक बॉबोलिंक डुलत डुलत आयोनीच्या अंगणात शिरला. त्यातून दोन उंच बायका उतरल्या. मॅक्सीन आणि ओपल, नेब्रास्काच्या सख्ख्या बहिणी, दोघीही शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या कुत्र्याने पडद्यांच्या चिंध्या केल्या होत्या. कारखान्याच्या फाटकाला कुलूप बघून त्यांनी समोरच्या दुकानात विचारलं, तेव्हा दुकानदाराने हे घर दाखवलं.

“पडदे तुम्हीच शिवायचात म्हणे,” मॅक्सीन म्हणाली.

“मीच. आणि कुत्र्यांसाठी नव्हते शिवत,” आयोनी म्हणाली आणि पायरी चढून आत गेली.

आत गेली आणि थबकली. कारखान्यात तिने शेकडो ट्रेलर पाहिले होते, पण सगळे रिकामे, गोंदाचा आणि नव्या लाकडाचा वास मारणारे. इथे कॉफीचा वास होता. पलंगाखाली सपाता होत्या, खिडकीत टोमॅटो पिकायला ठेवले होते, भिंतीवर कुठल्यातरी डोंगराचं चित्र चिकटवलेलं होतं. चिंध्या झालेल्या पडद्याची कड तिने बोटांत धरली. टाके तिचेच होते. बाहेर ओपल व्हर्जिलला कुत्र्याचे पराक्रम सांगत होती. आयोनी टेबलाशी बसली. ‘हे असं असतं होय,’ तिच्या मनात आलं. मॅक्सीनने न विचारता तिच्यापुढे कॉफीचा कप ठेवला.

पडदे तयार होईपर्यंत बहिणी अंगणातच राहिल्या. पहिल्या दिवशी व्हर्जिलने कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी त्यांना अंडी नेऊन दिली, आणि त्या निघाल्या तेव्हा हाच फाटकापर्यंत पोचवायला गेला.

बहिणींच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. वाटेत दिसेल त्या बॉबोलिंकवाल्याला त्यांनी आयोनीचं नाव सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात चार-पाच ट्रेलर आले, त्याच्या पुढच्या वर्षी तर अंगण भरून कुंपणापलीकडच्या कुरणात रांग लागली. कुणाला पडदे हवे होते, कुणाला गाद्यांच्या खोळी, कुणी नुसतेच आले. पुरुषमंडळी एकमेकांच्या ट्रेलरखाली आडवी होऊन दुरुस्त्या करायची, संध्याकाळी लांबच लांब टेबलावर उकडलेली कणसं, बटाट्याचं सॅलड आणि व्हर्जिलच्या कोंबड्यांचा रस्सा. कोंबड्यांना हे सगळं पसंत होतं असं नाही. एकीने ओहायोच्या लेस्टरच्या बुटात अंडं घातलं, ते त्याला पाय घातल्यावर कळलं.

हा लेस्टर जुना पोस्टमन, नियमांचा भोक्ता. त्यानेच सुचवलं की आता रीतसर क्लब काढू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेस्टर उभा राहिला, घसा साफ केला आणि पहिला नियम म्हणून दाखवला, “ज्याच्या मालकीचा बॉबोलिंक ट्रेलर असेल, तोच सभासद!”

पुन्हा टाळ्या. त्या थांबल्यावर रस्सा वाढणारी आयोनी डाव हातात धरून म्हणाली, “म्हणजे अंगण माझं, चूल माझी, पडदे माझे आणि क्लब तुमचा?”

लेस्टरचा चेहरा पडला. मॅक्सीन घाईघाईने म्हणाली, “अगं, तुला आम्ही मानद सभासद करू ना!”

“मानाचं ताट नको मला,” आयोनी म्हणाली. “भांडी घासायला मानद चालत नाही, खरी आयोनी लागते.” ती हसत होती, पण डाव टेबलावर जरा जोरातच आपटला.

तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेला व्हर्जिल उठला. चार माणसांत तो कधी बोलत नसे.

“तिच्याकडे आहे की बॉबोलिंक,” तो म्हणाला आणि मेपलकडे बोट दाखवलं.

सगळ्यांनी माना वळवल्या. पोचा आलेल्या ट्रेलरच्या खिडकीतून एक लाल कोंबडी मान तिरकी करून मंडळींकडे बघत होती. अंगणात असा हशा उसळला की सगळ्या कोंबड्या पंख फडफडवत बाहेर पडल्या. लेस्टर आत वाकून, पेंढा चिवडून, नाकाला रुमाल लावून परत आला.

“कारखान्याचा शिक्का आहे,” त्याने गंभीरपणे जाहीर केलं. “नियमात बसतं!”

“अरे पण व्हर्जिल,” आयोनी हळूच म्हणाली, “कोंबड्यांचं काय?”

“त्यांना काय, कुठेही चालतं. तू किती वर्षं थांबलीस?” व्हर्जिल म्हणाला आणि लाजून ताटातलं कणीस खायला लागला. आयोनीने त्याच्या ताटात आणखी एक कणीस ठेवलं, तेही टोमणा न मारता. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात मंडळींनी कोंबड्यांसाठी लाकडी खुराडं उभं केलं. ट्रेलर घासायला मात्र पुढच्या उन्हाळ्याची सुट्टीही गेली. कुणी चूल आणली, कुणी खिडकीच्या काचा. पोचा तसाच ठेवला, आयोनीनेच ठेवायला लावला. पडदे तिने सगळ्यात शेवटी शिवले.

पहिला प्रवास नेब्रास्काचा, बहिणींच्या शेतावरच्या मेळाव्याला. व्हर्जिल तोंड पाडून निघाला. शेजाऱ्याला कोंबड्यांबद्दल इतक्या सूचना दिल्या की शेवटी शेजारी म्हणाला, “बाबा रे, जा आता, नाहीतर मीच जातो!” इलिनॉय संपेपर्यंत व्हर्जिल सारखा आरशातून मागे बघत होता. मिसिसिपीच्या पुलावर त्याने गाडीचा वेग कमी केला. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, तरी हा नदी बघत राहिला.

“केवढी आहे गं!” तो म्हणाला.

“पाणीच आहे,” आयोनी म्हणाली.

नेब्रास्कात सकाळी तो ट्रेलरच्या पायरीवर बसून होता. समोर नजर जाईल तिथवर गवत, आणि त्यावर आभाळ. आयोनी कॉफी घेऊन आली, तर त्याने विचारलं, “याच्या पलीकडे काय आहे?”

“वायोमिंग.”

“आणि त्याच्या?”

त्या दिवसापासून व्हर्जिलला जे वेड लागलं, ते लागलंच. हिवाळाभर तो नकाशे पसरून बसे. कोंबड्या हळूहळू शेजाऱ्याच्याच झाल्या. क्लबचे सभासद चाळीस राज्यांत पसरले. आयोनी सलग तीनदा अध्यक्ष झाली आणि लेस्टर तिचा चिटणीस, म्हणजे दिवसभर तिची बोलणी खाणारा सुखी माणूस. ट्रेलरांचा तांडा निघाला की सगळ्यात पुढे पोचा आलेला बॉबोलिंक, चालवणारा व्हर्जिल. आता आयोनीच कुरकुरायची, “अरे, थोडं घरी बसू दे. माझ्या बागेत गवत माजलंय!”

ऑरेगॉनला तांडा पहिल्यांदा पॅसिफिक महासागरावर पोचला, तेव्हा व्हर्जिलची सत्तरी उलटली होती. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तो लाटांत शिरला आणि खूप वेळ तसाच उभा राहिला. पाणी थंडगार होतं. आयोनी बूट हातात घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“संपला रस्ता,” व्हर्जिल म्हणाला. त्याच्या आवाजात खरीखुरी हळहळ होती.

“उजवीकडे वळलं की कॅनडा लागतो म्हणे,” आयोनी म्हणाली.

व्हर्जिल ओल्या विजारीनिशी तरातरा गाड्यांकडे निघाला, आणि ती हसत हसत, वाळूत बूट पाडत, त्याच्या मागून धावली.