कवटीचा पतंग

माझे धाकटे दीर पाथरीत विज्ञान शिकवतात आणि स्वतःला फार शहाणे समजतात. मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा सकाळीच भिंतीवर एक मोठा पतंग दिसला. त्याच्या पाठीवर कवटीसारखी खूण होती.

"असला पतंग आपल्या जिल्ह्यात न्हाईच. कुणीतरी करणी केलीय, वहिनी."

"माझ्या माहेरी पालमला, याच जिल्ह्यात, तिळाच्या रानात दरसाल दिसतो. याची अळी तिळाचा पाला खाते."

"तुमाला काय कळतंय!"

त्यांनी झाडू उगारला. पतंग उंदरासारखा चिरकला आणि गुरुजी पलंगावर चढले. मी पतंग सुपात घेऊन परसात सोडला. दीर मात्र परभणीला सासुरवाडीत जाऊन राहिले. तिथून फोन करून "गेला का?" विचारत होते.